चांद्याचे लोखंड आणि जमशेटजींची कसोटी

भारतीय पोलादाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे जमशेदपूर उभे राहते. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांचा संगम, तेथील धगधगत्या भट्ट्या आणि त्या नगरीला लाभलेले एका द्रष्ट्या पुरुषाचे नाव, हे सारे शालेय पाठ्यपुस्तकांमुळे आपल्या परिचयाचे झाले आहे. परंतु ज्या स्वप्नातून ही नगरी साकार झाली, त्या स्वप्नाचे बीज झारखंडच्या मातीत पडलेले नव्हते. ते पडले होते आपल्या विदर्भात, तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या अरण्यात. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या काळी एकाच चांदा जिल्ह्यात सामावलेले होते. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी आपल्या आयुष्याची बावीस वर्षे ज्या एका ध्यासामागे वेचली, त्या ध्यासाचा पहिला पत्ता 'लोहारा, जिल्हा चांदा' असा होता. विदर्भातील किती घरांत ही गोष्ट आज सांगितली जाते?

गडचिरोलीच्या अरण्यातून लोहखनिज बाहेर पडू लागले असताना आणि कोनसरीसारख्या गावात पोलादाचे प्रकल्प उभे राहत असताना या गोष्टीचे स्मरण करणे केवळ इतिहासप्रेमापोटी आवश्यक नाही. उद्योजक कोणाला म्हणावे, त्याच्याकडून समाजाने काय अपेक्षावे आणि समाजाने त्याला काय द्यावे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी ते आवश्यक आहे.

नवसारी ते नागपूर

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीच्या एका पारशी पुरोहित घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्याची परंपरा बाजूला ठेवून मुंबईत व्यापार सुरू केला होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ साली पूर्ण करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत दाखल झाले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ साली मुंबईचा कापूस बाजार कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते. बुडत्या पेढीचा प्रतिनिधी सामान्यतः तोंड लपवतो. या पंचविशीतील तरुणाने धनकोंसमोर उभे राहून हिशेब मांडला. त्याचा प्रामाणिकपणा पाहून धनकोंनी त्यालाच अल्प मासिक वेतनावर देणी-येणी मिटविण्याच्या कामावर नेमले. व्यापारातील पत ही तिजोरीत नसते, ती माणसाच्या शब्दात असते, हा धडा त्यांनी तेथे गिरवला.

१८६८ साली एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेलगिरणी विकत घेऊन तिचे कापड गिरणीत रूपांतर केले आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकली. येथपर्यंतची कथा कोणत्याही हुशार व्यापाऱ्याची असू शकते. तिला वळण मिळाले ते नागपुरात.

त्या काळी कापड गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. जमशेटजींनी ते मोडले. जेथे कापूस पिकतो, जेथे रेल्वे पोहोचली आहे आणि जेथून कोळसा दूर नाही, अशी जागा त्यांनी शोधली. नागपुरातील जुम्मा तलावालगतची दलदलीची जमीन त्यांनी पसंत केली, तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून नागपूरच्या एका सावकाराने त्यांना कर्ज नाकारल्याचे सांगतात. पुढे त्याच सावकाराने कबूल केले की, या माणसाने माती पुरली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिची व्यवस्था त्यांनी बेझनजी मेहता या रेल्वेतील अधिकाऱ्याकडे सोपविली. मेहतांना कापडधंद्याचा अनुभव नव्हता, पण कर्तृत्व होते आणि जमशेटजींना ते ओळखता आले.

या गिरणीचे महत्त्व केवळ धोतरांत आणि सुतात नाही. जगात नुकतीच येऊ लागलेली रिंग पद्धतीची चाती जमशेटजींनी नागपुरात चालवून पाहिली आणि ती यशस्वी होताच गिरणीभर बसविली. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघात-भरपाईची योजना तेथे सुरू झाली. कायद्याने असे काही करणे बंधनकारक नव्हते, कामगार संघटनांचा दबावही नव्हता. यंत्र चालवणारा माणूस हा यंत्राइतकाच जपला पाहिजे, या साध्या विचारातून हे घडले. कालौघात ती गिरणी बंद पडली. परंतु 'एम्प्रेस'चा भोंगा ज्यांच्या घड्याळाचे काम करत असे, अशी घरे नागपुरात आजही सापडतात.

एक अहवाल आणि सतरा वर्षांचे दार

नागपूरच्या या वास्तव्यातच चांद्याचे लोखंड जमशेटजींच्या आयुष्यात आले. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोखंडाचा उद्योग उभारणे किफायतशीर ठरेल काय, याची त्यात चर्चा होती. लोहारा येथील खनिज उत्तम प्रतीचे आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नाही, ही माहिती त्यात होती. त्या वेळी जमशेटजी त्रेचाळीस वर्षांचे होते.

'लोहारा' या नावातच त्या प्रदेशाची जुनी ओळख दडलेली आहे. या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांत, लोणारी कोळशावर लोखंड गाळले जात असे. भात्याच्या वाऱ्यावर तापलेल्या त्या भट्ट्यांतून गावाचे नांगर, कुऱ्हाडी आणि विळे निघत. रेल्वेबरोबर स्वस्त विलायती लोखंड आले, वनखात्याच्या नियमांनी कोळशासाठी लाकूड मिळणे अवघड झाले आणि या भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. ज्या देशात दिल्लीचा लोहस्तंभ दीड सहस्रकाहून अधिक काळ उभा आहे, त्या देशाने खिळासुद्धा बाहेरून आणावा, अशी स्थिती आली. जमशेटजींना बोचत होते ते हेच. वस्त्र विणणारा देश यंत्रे विकत घेत राहील आणि यंत्रे बनविण्यासाठी लागणारे पोलाद जोवर स्वतः गाळणार नाही, तोवर त्याचे औद्योगिक स्वातंत्र्य अपुरेच राहील, हे त्यांनी जाणले होते.

त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने परीक्षेसाठी जर्मनीस पाठविले. उत्तर निराशाजनक आले. लोखंड गाळण्यासाठी लागणारा कोक या कोळशापासून तयार होत नव्हता. दुसरी अडचण सरकारी होती. वरोऱ्याची खाण आणि तेथवरची रेल्वे, दोन्ही सरकारच्या हाती होत्या आणि खनिज-परवान्याच्या अटी इतक्या जाचक होत्या की, कोणीही शहाणा माणूस त्यांत भांडवल गुंतवू नये. प्रकल्प बारगळला. तथापि, जमशेटजींनी तो मनातून काढला नाही. लोखंडासंबंधीची कात्रणे, अहवाल आणि नमुने ते जमवीत राहिले. अशी सतरा वर्षे गेली.

१८९९ साली मेजर महन यांनी भारतात पोलादाचा उद्योग उभारावा, अशी शिफारस करणारा अहवाल दिला आणि लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत खनिजांचे नियम सैल झाले. जमशेटजींनी साठी गाठली होती. या वयात माणूस व्याप आवरता घेतो. यांनी नवा व्याप मांडला. १९०० साली इंग्लंडला जाऊन त्यांनी भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेतली आणि सरकारचे साहाय्य मागितले. १९०२ साली ते अमेरिकेस गेले, पोलादाचे कारखाने स्वतः पायी फिरून पाहिले आणि न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याच्या कार्यालयात जाऊन, माझ्या देशात येऊन माझा कारखाना उभारा, असे त्याला सांगितले. पेरिन यांनी आपला सहकारी, भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यास भारतात पाठविले.

चांद्याच्या अरण्यातील शोध

१९०३ साली वेल्ड, जमशेटजींचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला हे त्रिकूट चांद्याच्या जंगलात उतरले. बैलगाड्या, तंबू, उन्हाळा आणि वाघांची वस्ती. पाण्याची टंचाई इतकी की, चहासाठी सोडावॉटर उकळण्याची वेळ आली, असे सांगतात. मुंबईच्या श्रीमंत घरातील मुले या परिसरात बैलगाडीतून फिरत होती, तीही शिकारीसाठी नव्हे, खनिजासाठी, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

येथे नियतीचा एक विनोदही नोंदवला पाहिजे. खाणी शोधणाऱ्या या तिघांपैकी शापूरजी सकलातवाला पुढे इंग्लंडला गेले आणि साम्यवादी विचारांचे होऊन १९२२ साली ब्रिटिश संसदेत निवडून आले. भांडवलदाराचा भाचा साम्यवादी झाला; पण त्याने संसदेचा मार्ग धरला. ज्या अरण्यात तो तरुणपणी हिंडला, त्याच अरण्यात पुढे साम्यवादाचेच नाव घेऊन बंदूक आली. तिने जे केले, त्याचा विचार पुढे करू.

वेल्ड याने लोहाऱ्याची टेकडी आणि आसपासचे साठे तपासले. खनिज चांगले होते, परंतु ते विखुरलेले होते. एक मोठा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या चालावा, इतके ते त्याला दिसले नाही. कोळशाची अडचण तर कायमच होती. निष्कर्ष स्पष्ट होता : चांद्यात कारखाना होणार नाही. ज्या जागेवर वीस वर्षे जीव जडला, ती जागा शास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही म्हणताच जमशेटजींनी ती सोडली. ध्येयाविषयी अढळ आणि साधनांविषयी लवचीक, हे त्यांच्या उद्योजकतेचे मर्म होते. आवडत्या कल्पनेवर हट्टाने दुसऱ्यांचे पैसे उधळणारे कमी नसतात. आपल्या कल्पनेच्या विरुद्ध गेलेला अहवाल मान्य करणारे मात्र विरळा.

परवाना सोडत असल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्याला भेटायचे होते, ते जागेवर नव्हते. वेळ घालवण्यासाठी दोराबजी समोरच्या वस्तुसंग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजबबंगल्यात शिरले. तेथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोखंडाची खूण म्हणून गडद रंगविलेला होता. दोराबजी आणि वेल्ड दुर्गकडे वळले. तेथे धल्ली-राजहराचे डोंगर होते, जवळजवळ निखळ लोखंडाचे.

ही नोंद ज्यांच्या सर्वेक्षणातून झाली, ते प्रमथनाथ बोस हे भारतीय भूशास्त्रज्ञ होते. सरकारी भूविज्ञान खात्यात कनिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यास वरची जागा दिली गेल्याने ते नोकरीतून बाहेर पडले होते आणि मयूरभंज संस्थानाच्या सेवेत होते. धल्ली-राजहराजवळ योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. त्यामुळे तेही स्थळ त्या वेळी मागे पडले. आज भिलाईचा कारखाना त्याच डोंगरांवर उभा आहे. परंतु २४ फेब्रुवारी १९०४ रोजी बोस यांनीच जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजमधील गोरुमहिसानीच्या साठ्यांची माहिती दिली आणि शोधाला अखेर ठिकाण सापडले. परकीय सरकारने ज्याची कदर केली नाही, त्या स्वदेशी विद्वत्तेने स्वदेशी उद्योगाला वाट दाखवली.

ते पत्र आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. पोलादाचा एक कणही त्यांनी पाहिला नाही. विज्ञानसंस्था त्यांच्यामागे १९०९ साली बंगळुरूत उभी राहिली आणि सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज १९१५ साली खोपोलीस निघाली. आयुष्यात त्यांनी पाहिलेल्या मोठ्या स्वप्नांपैकी पूर्ण झालेले त्यांच्या वाट्याला आले ते फक्त मुंबईचे ताज हॉटेल. विज्ञानसंस्थेच्या कल्पनेच्या संदर्भात स्वामी विवेकानंदांचेही स्मरण होते. १८९३ साली योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या जहाजावर दोघांची भेट झाली होती आणि पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८९८ रोजी, त्या भेटीचा उल्लेख करून जमशेटजींनी स्वामीजींना पत्र लिहिले. एक संन्यासी आणि एक गिरणीमालक; परंतु दोघांची चिंता एकच होती, या देशाने याचक राहू नये.

आठ हजार भागधारक

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. भांडवलासाठी दोराबजी लंडनला गेले. तेथील बाजाराने अटी घातल्या आणि हात आखडता घेतला. तेव्हा टाटांनी देशवासीयांना आवाहन केले. वंगभंगानंतरचा तो काळ. स्वदेशीचा मंत्र घरोघरी पोहोचलेला होता. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी आवश्यक भांडवल उभे केले. मुंबईच्या कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी असे. राजे-महाराजे होते, तसेच सामान्य गृहस्थही होते. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साकचीच्या कारखान्यातून पोलादाची पहिली लगड निघाली. टाटांनी ब्रिटिश मानकाचे रूळ बनविले तर मी ते खाऊन दाखवीन, असे म्हणणाऱ्या रेल्वेच्या बड्या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. पहिल्या महायुद्धात त्याच कारखान्याने मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी पंधराशे मैलांचे रूळ पुरविले. २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीचे नाव बदलून जमशेदपूर केले.

ही नगरी कशी असावी, याविषयी जमशेटजींनी १९०२ सालीच दोराबजींना लिहून ठेवले होते. रस्ते रुंद असावेत, त्यांच्या कडेला लवकर वाढणारी सावलीची झाडे असावीत, हिरवळीला आणि मैदानांना भरपूर जागा राखावी, सर्व धर्मीयांच्या उपासनास्थळांचीही सोय असावी. जागा अजून सापडलेली नव्हती, परंतु झाडांचा विचार झालेला होता! १९१२ साली तेथे आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. देशाच्या कायद्यात तो यावयास स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडली.

चांदा मात्र तसाच राहिला

शोधयात्रा पुढे गेली, पण चांद्याचे काय झाले? वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद झाली. स्वातंत्र्यानंतर बल्लारपूरचा कागद कारखाना, चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी उभ्या राहिल्या. चंद्रपूर औद्योगिक झाले आणि त्याची किंमत धूर व धुळीच्या रूपाने मोजूही लागले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा मात्र मागेच राहिला. त्याच्या जंगलातील बांबू कागद होऊन साऱ्या देशात गेला. बांबू तोडणाऱ्याच्या मुलाच्या हातात वही यायला दशके लागली. रेल्वेच्या नकाशावर या विशाल जिल्ह्याचे नाव दीर्घकाळ वडसा या एका स्थानकापुरते राहिले.

या पोकळीत बंदूक शिरली. वनवासींच्या रक्षणाची भाषा करीत माओवाद्यांनी रस्ते अडवले, पूल उडवले आणि 'खबऱ्या' ठरवून वनवासींनाच मारले. २००७ साली एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लॉईड्स मेटल्स या कंपनीस लोहखनिजाचा पट्टा मिळाला. २०१३ साली कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या झाली, त्यांत एक स्थानिक वनवासीही होता. डिसेंबर २०१६ मध्ये सत्तरहून अधिक वाहने जाळण्यात आली. २०२१ साली त्रिवेणी अर्थमूव्हर्सचे बी. प्रभाकरन यांच्या सहभागाने उत्खनन नियमित सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे एकात्मिक पोलाद प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि हेडरी ते कोनसरी अशी खनिज वाहून नेणारी नलिकाही कार्यान्वित झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवाद्यांच्या वरिष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नव्हता, म्हणून जमशेटजी अडले होते. आता कोक न होणाऱ्या कोळशावरही खनिजापासून स्पंज आयर्न बनते आणि चंद्रपूरजवळच्या घुग्घुस येथे ते अनेक वर्षे बनते आहे. तंत्र बदलले आणि जुन्या चांद्याचे लोखंड पुन्हा बोलू लागले.

हे स्वागतार्ह आहे, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. जंगल जसेच्या तसे ठेवण्याच्या नावाखाली त्यातील माणसालाही जसेच्या तसे ठेवावे, हा विचार दुरून सुंदर दिसतो. मलेरियाने तडफडणाऱ्या मुलाला खाटेवर घालून दवाखान्यात नेणाऱ्या बापाला तो सुंदर वाटत नाही. परंतु स्वागत केले म्हणजे प्रश्न विचारण्याचे कर्तव्य संपत नाही. उलट, आपल्याला जे आपले वाटते, त्यालाच आपण अधिक कठोर कसोटी लावली पाहिजे. आणि ही कसोटी बाहेरून आणण्याची गरज नाही. चांद्याच्या लोखंडामागे धावलेल्या पहिल्या उद्योजकानेच ती घालून दिली आहे.

कसोटीचे चार दगड

पहिला दगड माणसाचा. १८८६ साली नागपुरात निवृत्तिवेतन देता येत होते, तर आज खाणीवर आणि वाहतुकीवर ठेकेदाराकरवी राबणाऱ्या मजुरालाही आजार, अपघात आणि वार्धक्य यांची हमी मिळालीच पाहिजे. खनिजाच्या अवजड वाहनांखाली गेलेले जीव आणि उखडलेले रस्ते हा या भागातील संतापाचा खरा विषय होता. नलिका झाल्याने तो भार हलका व्हावा. पण झालेल्या हानीची भरपाई हा उपकार नसून देणे आहे.

दुसरा दगड भागीदारीचा. १९०७ साली आठ हजार भारतीयांनी पोलादात आपला पैसा घातला, म्हणून तो कारखाना 'आपला' झाला. १ जानेवारी २०२५ रोजी कोनसरी येथे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कर्मचाऱ्यांना कंपनीचे समभाग देण्यात आले, त्यांत शरणागती पत्करलेले पूर्वाश्रमीचे माओवादीही होते. ही सुरुवात योग्य दिशेची आहे. परंतु भागीदारी केवळ नोकरदाराची नको. ज्या गावाचा डोंगर खणला जातो, त्या गावाचीही हवी. २०१५ पासून कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधीची तरतूद केली आहे. तो पैसा जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींत न मुरता एटापल्ली-भामरागडच्या शाळेत, दवाखान्यात आणि पाण्याच्या नळात दिसला पाहिजे.

तिसरा दगड श्रद्धेचा. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. दरवर्षी जानेवारीत परिसरातील माडिया-गोंड समाज तेथे यात्रेस जमतो. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलून चांद्याच्या कारागृहात २१ ऑक्टोबर रोजी फासावर गेलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांचीही स्मृती या डोंगररांगांशी निगडित आहे. जमशेटजींनी कागदावरच्या नगरीत उपासनास्थळांना आधी जागा दिली होती. देवस्थाने आणि गड-किल्ले यांविषयी हळवे असणाऱ्या आपण साऱ्यांनी वनवासी बांधवाच्या देवाविषयीही तितकेच हळवे असले पाहिजे. त्याचा देव खनिजाच्या हिशेबात 'अडथळा' म्हणून नोंदला जाऊ नये.

चौथा दगड संमतीचा. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा हे संसदेने केलेले कायदे आहेत. २०२३ साली तोडगट्टा येथे ग्रामस्थांनी नव्या खाणींविरुद्ध अनेक महिने धरणे धरले. त्यांत माओवाद्यांचा हात शोधणे सोपे आहे. त्यांचे म्हणणे ऐकून घेणे अवघड आहे. आता बंदूक खाली गेली आहे. यापुढे प्रत्येक विरोधाला बंदुकीच्या खात्यात टाकण्याची सोय राहणार नाही आणि तसे करूही नये. ग्रामसभेला आधी सर्व माहिती तिच्या भाषेत मिळावी, तिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक असावी. त्यानंतर तिने दिलेला होकार कोणत्याही बंदोबस्तापेक्षा अधिक काळ टिकेल. स्वतःला न पटणारा अहवाल जमशेटजींनी स्वीकारला होता. आजच्या उद्योजकालाही एखाद्या डोंगराविषयी 'येथे नाही' हे उत्तर स्वीकारता आले पाहिजे.

उद्योजक जंगलातही असतो

अखेरीस एक गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय घरांसाठी. उद्योजक म्हणजे मुंबईहून किंवा दक्षिणेतून येणारा कोणी मोठा माणूस, ही समजूत आपण टाकली पाहिजे. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावाची ग्रामसभा एकमताने निर्णय घेणारी बनवली आणि २०११ साली स्वतःच्या जंगलातील बांबू स्वतःच्या परवान्याने विकण्याचा अधिकार त्या गावाने प्रत्यक्ष वापरला. जमाखर्च गावासमोर, निविदा गावाची, नफा गावाचा. याला उद्योजकता म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? बांबूची मोळी वाहणारा हात बांबूचा व्यापारी झाला, हे परिवर्तन नागपूरच्या दलदलीतून गिरणी उभी राहण्यापेक्षा लहान नाही.

आणि आपल्या घरांत काय चालले आहे? मुलगा नोकरीला लागला की आपण पेढे वाटतो. धंद्यात उतरतो म्हणाला की आई डोळ्याला पदर लावते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अभियंते पुण्याची गाडी पकडतात आणि येथील कारखान्याच्या सुट्या भागांचा, दुरुस्तीचा, भोजनगृहांचा, वाहतुकीचा व्यवसाय बाहेरून आलेले लोक करतात. मग 'स्थानिकांना काही मिळाले नाही', अशी तक्रार आपणच करतो. १९०३ साली दोराबजी चांद्याच्या जंगलात उन्हातान्हात हिंडले. एकविसाव्या शतकातल्या आपल्या मुलांना त्याच जंगलाच्या कडेला एक छोटी कार्यशाळा टाकण्याचे धैर्य होऊ नये काय? आणि ती टाकताना सोबतीला एक माडिया तरुण मजूर म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून घेण्याचे औदार्य आपल्यात असू नये काय?

जमशेटजींच्या चरित्रातील चांद्याचे प्रकरण वरवर पाहता अपयशाचे आहे. येथे त्यांना ना पुरेसे लोखंड मिळाले, ना योग्य कोळसा. परंतु त्या अपयशानेच त्यांच्या स्वभावातील उत्तम ते बाहेर काढले : दीर्घोद्योग, सत्याचा स्वीकार आणि फळ आपल्या हयातीत मिळणार नाही हे ठाऊक असूनही काम करत राहण्याची निष्ठा. आज त्याच भूमीतून लोखंड निघते आहे. ते किती दशलक्ष टन निघाले, याची नोंद कंपन्यांची ताळेबंदे ठेवतीलच. एटापल्लीतील किती मुले शिकली, किती गावे आपण होऊन 'हो' म्हणाली, किती जंगल उरले आणि ठाकूरदेवाची यात्रा पूर्वीसारखीच भरते की नाही, याची नोंद मात्र समाजाने ठेवायची आहे. जमशेटजींच्या नावाने एक नगर उभे राहिले, कारण त्यांनी ताळेबंदात न मावणाऱ्या गोष्टींचा हिशेब आधी मांडला होता. कोनसरीच्या भट्ट्यांनाही उद्या असा मान मिळावयाचा असेल, तर तो हिशेब आजच मांडावा लागेल.